गाडी मोकळीच हाय न्हवं?

आमच्या दारात एक पिकअप उभी असते. आर.टी.ओ.च्या दफ्तरी ती माझ्या धाकट्या भावाच्या नावावर आहे, तिचे हप्ते माझ्या पगारातून गेलेले आहेत, आणि आमच्या आळीचं ठाम मत असं, की ती आळीची आहे. या तीन दावेदारांपैकी भावाकडे कागद आहे, माझ्याकडे पासबुक आहे. आळीकडे काहीच नाही, म्हणून वहिवाट आळीची.

गाडी मागायला येणारा माणूस “गाडी देता का?” असं कधीही विचारत नाही. तसं विचारलं तर समोरच्याला ‘नाही’ म्हणायची सोय राहते. तो फाटकातून आत येतो, चहा घेतो, यवतेश्वराच्या बाजूला ढग बघून पावसाबद्दल दोन शब्द बोलतो आणि निघता निघता गाडीच्या फाळक्यावर सहज एक थाप मारून म्हणतो, “गाडी मोकळीच आहे ना?” साताऱ्यातला असेल तर ‘मोकळीच आहे ना’, खेड्यावरचा असेल तर ‘मोकळीच हाय न्हवं’. बोली बदलते, ‘च’ बदलत नाही. शाळेत व्याकरणाच्या गुरुजींनी या ‘च’ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हटलं होतं. शुद्ध! इतक्या अशुद्ध हेतूने वापरलं जाणारं दुसरं अव्यय मराठीत मला तरी सापडलेलं नाही. माझं जे काही भांडण आहे ते या ‘च’शी आहे.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाने पिकअप घ्यावीच कशाला? आमच्या हेडऑफिसनेही हाच प्रश्न विचारला असता, म्हणून तर ती भावाच्या नावावर आहे. आमच्या नोकरीच्या नियमात धंदा बसत नाही. पानाची टपरीसुद्धा बसत नाही. भावाचा द्राक्षमळा आहे तासगाव तालुक्यात. २०१७ सालच्या हंगामात एका रात्री त्याचा फोन आला, “दादा, बेदाणा तयार होऊन शेडवर पडलाय, आभाळ भरून आलंय आणि गाडी मिळत नाही.” बेदाण्याचं दुखणं ज्याला ठाऊक आहे त्याला हे एक वाक्य पुरे. वर्षभर औषधं मारायची, छाटण्या करायच्या, घड उतरवून, बुडवून, जाळीवर पसरून पंधरा-पंधरा दिवस वाळवायचे, आणि शेवटच्या दिवशी पावसाचा एक शिडकावा आला की सोन्याच्या रंगाचा माल काळा पडतो. हंगामात सगळ्या तालुक्याचा माल एकाच वेळी तयार होतो, सगळ्यांना एकाच वेळी गाडी लागते, आणि गाडीवाला अशा वेळी नवरदेवासारखा वागतो. त्या रात्री भावाला गाडी मिळाली नाही. माल भिजला. किती भिजला हे त्याने मला आजवर सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. दिवाळीच्या आधी आम्ही साडेचार लाखांत एक जुनी पिकअप घेतली.

तेव्हा पहिली गोष्ट कबूल करून टाकतो. ज्याच्याकडे नासणारा माल आहे त्याच्या दारात स्वतःची गाडी हवी. बेदाण्याची पेटी १५ किलोची. शंभर पेट्या म्हणजे दीड टन, म्हणजे आमच्या पिकअपचा एक घास. पुढच्या हंगामात भाऊ ठरल्या दिवशी ठरल्या वेळी सौद्याला पोचला, एवढंच नव्हे तर भाव पडलेला बघून माल परत घेऊन आला आणि पुढच्या सौद्याला पुन्हा गेला. भाड्याच्या गाडीवाला शेतकरी हे करू शकत नाही. दुसऱ्या फेरीचं भाडं डोक्यावर बसायच्या आत मिळेल त्या भावाला विकून तो मोकळा होतो. मालकीच्या गाडीचा सगळ्यात मोठा फायदा असा, की ती माल घेऊन परत येऊ शकते. हे वाक्य मला कॉमर्सच्या एकाही पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं.

इथवर हिशेब जमेचा. पण द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. पुढे पावसाळ्यात भावाच्या वाडीचा रस्ता चिखलाचा होतो आणि रिकामी पिकअप चिखलात निरुपयोगी. कारण तिचे मागचे पाटे दीड टन ओझ्याच्या हिशेबाने बसवलेले असतात. पाठीवर ओझं नसलं की मागची चाकं हलकी पडतात, जागच्या जागी गरगरतात आणि डांबरी रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला गाडी हातभर उसळते. निवृत्त हेडमास्तरांचं होतं तसं. अंगावर काम नसलं की उगाच उसळायचं. काही जण यावर उपाय म्हणून हौद्यात वाळूची पोती टाकून हिंडतात. डिझेल जाळून वाळू हिंडवायची हे माझ्या कारकुनी मनाला पटत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर ही गाडी साताऱ्यात माझ्या दारात असते, आणि त्या चार महिन्यांत ती ‘मोकळीच’ असते.

मोकळी म्हणजे काय, हे आळीला एकदा समजावून सांगावं अशी माझी फार इच्छा आहे. आमच्या धंद्यात ‘डेबिट व्हॉट कम्स इन’ असं शिकवतात, म्हणजे जे घरात आलं ते नावे टाका. पिकअपइतकं हे तत्त्व दुसऱ्या कुणी पाळलेलं नाही. विमा उभ्या गाडीचाही भरावा लागतो, टायर उभ्यानेही चिरतात, बॅटरी उभ्यानेच मरते, आणि पासिंगची तारीख गाडी किती किलोमीटर फिरली ते विचारत नाही. मालाच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी पासिंग. आमची जुनीच घेतलेली असल्यामुळे ती आता वार्षिक परीक्षेला बसते. परीक्षेच्या आधी तिचे दिवे, हॉर्न, लाल-पांढऱ्या चकाकत्या पट्ट्या यांच्यावर जो खर्च होतो, तेवढा माझ्या पोराच्या दहावीवर झाला नव्हता. आयकर खातं तर भाड्याने चालणाऱ्या मालगाडीला वर्षाला ३० टक्के घसारा मान्य करतं, स्वतःच्या धंद्यात वापरायच्या मोटारीला १५. म्हणजे सरकारलासुद्धा ठाऊक आहे की ही वस्तू मोटारीच्या दुप्पट वेगाने झिजते. एकट्या आळीला ठाऊक नाही. मागणारा माणूस दोनशेचं डिझेल टाकून आणतो, काटा जिथे होता त्याच्या किंचित खाली ठेवतो आणि हौद्यात कडब्याचा चुरा, मांडवाचे दोन बांबू आणि शेळीच्या लेंड्या ठेवून “झाडून घ्यायचं राहिलं हं” असं म्हणून जातो.

आमच्या काउंटरवर पिकअपच्या कर्जाची चौकशी करायला पोरं येतात. वीस-बावीस वर्षांची, डोळ्यांत चमक, मोबाईलवर गाडीचा फोटो. कर्ज देणं न देणं साहेबांच्या हातात. मी फक्त अर्ज देतो आणि अर्जाबरोबर, कुणी मागितलेले नसताना, दोन प्रश्न देतो. वर्षातले किती दिवस गाडी भरेल? आणि परतीच्या फेरीला काय भरशील? पहिल्याचं उत्तर पोरं पटकन देतात. दुसऱ्याला गप्प होतात. कोरेगावचा घेवडा नाहीतर खटावचा बटाटा घेऊन गाडी खंबाटकीच्या घाटाने पुण्याला जाते, ते भाडं मिळतं. येताना काय? येताना तोच घाट, तेच डिझेल, टोल पुन्हा, आणि हौद्यात वारा. टोलनाक्यावर पिकअपला कारपेक्षा जास्त पैसे पडतात, मग हौद्यात माल असो की वारा. ज्याला परतीचं भाडं बांधता आलं तो तरला. ज्याला नाही आलं त्याच्या गाडीला पुढच्या वर्षी कुणीतरी मागून ‘विकणे आहे’ असं खडूने लिहितं. आमच्या पिकअपचा पहिला मालक असाच एक पोरगा होता. चावी देताना त्याने स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला होता. मी तेव्हा दुसरीकडे बघितलं.

उलट टोकाची मंडळीही आहेत. २०१६ पासून इसुझूची आणि २०२२ पासून टोयोटाची चार दारांची, चकाकणारी पिकअप आपल्याकडे मिळू लागली. टोयोटाची ‘हायलक्स’ आली तेव्हा तिची किंमत ३४ लाखांच्या आसपास होती. पवई नाक्यावर मी अशी एक पाहिली. मागच्या हौद्यावर काळं कुलूपबंद झाकण. मालकाला विचारलं, “यात काय नेता?” तो म्हणाला, “छे! ओरखडे पडतात.” अमेरिकेत फोर्डने १९२५ साली कारखान्यातूनच हौदा बसवलेली मॉडेल-टी विकायला काढली ती शेतकऱ्याने पोती न्यावीत म्हणून, शंभर वर्षांत तिकडचे लोक एकटेच बसून कचेरीला जायला पिकअप वापरायला लागले म्हणतात. आपल्याकडे ते शंभर वर्षं थांबले नाहीत, सहा वर्षांत उरकलं. पण या मालकाचा एक फायदा मला मान्य केलाच पाहिजे. त्याच्याकडे कुणी गाडी मागत नाही. ३४ लाख रुपये मोजले की ‘नाही’ आपोआप बसवून मिळतं. साडेचार लाखांच्या गाडीत ‘नाही’ आपलं आपल्याला बसवावं लागतं.

आणि ते बसवता येत नाही, हाच माझ्या सगळ्या तक्रारीचा गाभा आहे.

आमच्या भागाला उघडा हौदा दिसला की त्यात काहीतरी घालायची शतकांची सवय आहे. आधी बैलगाडी होती. मग टेम्पो आला. मूळचा तो हॅम्बुर्गच्या एका जर्मन कारखान्याचा छाप. १९५८ साली ‘बजाज टेम्पो’ निघाली आणि त्या छापाचं मराठी सामान्यनाम झालं. २००५ साली त्या कंपनीने स्वतःचं नाव ‘फोर्स मोटर्स’ करून घेतलं, पण आमच्याकडे लहान मालगाडी ती टेम्पोच राहिली. त्याच साली टाटांनी ‘एस’ काढली आणि लोकांनी आठवड्याच्या आत तिचं नाव छोटा हत्ती ठेवलं असावं. आमची पिकअप त्या हत्तीची थोरली बहीण. ट्रकवाले तिला मोजत नाहीत आणि कारवाले तिला वाट देत नाहीत. मधला आकार, मधली ऐपत. माझ्याच वर्गातली म्हणायची. दरम्यान वडापच्या जीपगाड्यांनी आम्हाला शिकवलं की गाडीत माणसं किती बसतात हा प्रश्न गाडीला नव्हे, माणसांना विचारायचा असतो. तेव्हा माल नेणाऱ्या उघड्या हौद्यात माणसं बसवणं यात गैर काही आहे असं आमच्याकडे कुणाला वाटतच नाही. देवदर्शन असो, हळद असो, ऊसतोड असो, प्रचारसभा असो, ताडपत्री अंथरली की झालं.

२०२२च्या श्रावणात माझे कोरेगाव तालुक्यातले मामा आले. चहा झाला, पाऊस झाला, फाळक्यावर थाप पडली.

“भाचेबुवा, गाडी मोकळीच हाय न्हवं?”

“काय न्यायचंय, मामा?”

“न्यायचं काय! श्रावणी सोमवार हाय. शिंगणापूरला जायाचं. तुझी मामी, शेजारपाजारच्या बायका. तीसेक माणूस.”

मी ‘नाही’ म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही आईच्या भावाला. मामांना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग मी जे बोललो ते बँकेच्या भाषेत बोललो, ही माझी चूक. म्हटलं, मामा, ही मालाची गाडी आहे. हिचा विमा मालाच्या गाडीचा आहे. हौद्यात फुकट बसलेल्या माणसाला काही झालं तर ती जबाबदारी विमा कंपनीची नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००२ साली सांगितलेलं आहे. भरपाई मालकाने द्यायची. मालक म्हणजे धाकटा. म्हणजे त्याचा मळा.

मामा सातवी शिकलेले, पण त्यांच्यापुढे वकील उभा राहणार नाही. त्यांनी विचारलं, “मालाबरोबर मालाचा मालक बसला तर?”

“तर चालतं. १९९४ साली कायद्यात तशी दुरुस्ती झालेली आहे.”

“मग झालं की! परत्येकीच्या हातात नारळ दिऊ. नारळ माल, ती मालकीण.”

मला हसू आलं, पण हसलो असतो तर गाडी गेली असती. सांगितलं, की कोर्टाने २००७ साली हाही रस्ता बंद केलाय. मालाचा मालक असला तरी त्याने पुढे केबिनमध्ये बसायचं, हौद्यात नाही. मामा म्हणाले, “कोर्टाला आमचाच रस्ता दिसतो व्हय रं बंद कराया?” मी खंबाटकीची आठवण दिली. एप्रिल २०१८मध्ये विजापूरकडचे मजूर घेऊन शिरवळला निघालेला टेम्पो खंडाळ्याजवळ उलटला आणि १८ माणसं गेली. मामा म्हणाले, “त्यो टेम्पो व्हता. आपली पिकअप हाय.” मी हौद्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, मामा, यात धरायला काय आहे? वळणावर माणूस कशाला धरणार? पाटे ओझ्यासाठी आहेत, पण पोतं जागचं हलत नाही, माणसं हलतात. एका बाजूला काही दिसलं की सगळी त्या बाजूला वाकतात. उभ्या माणसांचं ओझं वर असतं, गाडी कलंडायला तेवढं पुरतं. शिंगणापूरचा घाट आहे.

तेव्हा मामांनी तो प्रश्न विचारला. ज्याची मला भीती होती, तो.

“आन् म्हापुरात? म्हापुरात न्हाई का तूच माणसं भरली ह्यात? तवा कुठं गेलतं कोर्ट?”

२०१९च्या ऑगस्टमध्ये गाडी अशीच माझ्या दारात मोकळी होती. बहीण सांगलीत नदीजवळ राहते. आयर्विन पुलाखाली ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी चढत चाललं आणि बहिणीचा फोन लागेना. मी आणि आमचा पोरगा पिकअप काढून निघालो. तासगावकडून वळसे घेत घेत जिथे पाणी रस्त्यावर आलं होतं तिथवर पोचलो. पुढे जाता येईना. बहीण भेटली ती संध्याकाळी, छातीएवढ्या पाण्यातून, डोक्यावर पिठाचा डबा घेऊन. डब्यात पीठ नव्हतं, घराची कागदपत्रं होती. तिथे नुसती माणसं उभी होती. ओली, गप्प. कुणी विचारलं नाही गाडी मोकळी आहे का. मीच फाळका पाडला. दोन दिवस पाण्याच्या काठापासून उंचावरच्या शाळेपर्यंत आमची फेरी चालू होती. म्हाताऱ्या, बाळंतीण, एक म्हैस, तिचं रेडकू, टीव्ही धरून बसलेला एक मुलगा. पाणी शेवटी ५७ फुटांच्या वर जाऊन थांबलं. त्या दोन दिवसांत विम्याची आठवण मला एकदाही झाली नाही. खोटं कशाला बोलू?

म्हणून मामांच्या प्रश्नाला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. चार दिवसांनी ते सुचलं, ते असं. तिथे आम्ही पायी चालायच्या वेगाने जात होतो, सरळ रस्ता होता, आणि मागे राहिलेल्याला पाणी गिळणार होतं. शिंगणापूरचा महादेव कुणाला गिळायला मागे लागलेला नाही. तो पुढच्या सोमवारीही तिथेच असतो. आणि त्याच महापुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. पेलणार नाहीत इतकी माणसं त्या बोटीत चढलेली होती. जीव वाचवायच्या घाईतसुद्धा ओझ्याचा हिशेब चुकला तर पाणी सोडत नाही. मग हौसेच्या घाईत घाट कसा सोडेल? हे सगळं मी मामांना पत्रात लिहिणार होतो. लिहिलं नाही. तोवर ते बोलायचे बंद झाले होते.

मी त्यांना सुचवलंही होतं, की एस.टी. प्रासंगिक कराराने घ्या, निम्मे पैसे मी देतो. मामा उठताना म्हणाले, “पैसं मागाया आलू न्हवतो.” आणि वहाणा घालून गेले. मामीने आईला फोन केला, आईने बायकोला केला, बायकोने मला फोन न करता समोरासमोर सांगितलं.

पुढचं सांगायला थोडी लाज वाटते. त्या सोमवारी मामांनी दुसऱ्याची पिकअप मिळवली, तीसच्या जागी अडतीस माणसं भरली, शिंगणापूरला जाऊन अभिषेक केला आणि सगळी मंडळी संध्याकाळी गाणी म्हणत सुखरूप घरी आली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माझ्यासाठी प्रसाद आला नाही, निरोप आला, “भाच्याला सांगा, समदी जित्ती हाईत.” माझ्यासारख्याचं दुःख हेच आहे. आपण बरोबर होतो हे सिद्ध व्हायला ज्या गोष्टी घडाव्या लागतात त्या घडू नयेत म्हणून तर आपण ‘नाही’ म्हणालेलो असतो. अडतीस माणसं सुखरूप परत आली की आनंद होतो आणि तोंड काळं होतं, दोन्ही एकदम. आणि दर वेळी अडतीस सुखरूप परत येतात म्हणूनच पुढच्या वेळी चाळीस चढतात.

पुढच्याच वर्षी, २०२३मध्ये, सरकारने बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट केलं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर त्याआधीच तिकीट माफ झालं होतं. म्हणजे मामा फुकट आणि मामी अर्ध्यात. मी आईमार्फत ही बातमी कोरेगावला पोचवली. उलट निरोप आला, “यष्टीत गाणी म्हणता येत न्हाईत.” या मुद्द्याला उत्तर नाही. हौद्यात बसून, वारा खात, पदर सांभाळत, एकमेकींच्या मांडीला मांडी लावून गाणी म्हणत जाण्यात जी मजा आहे ती एस.टी.च्या बाकावर नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आईच्या मांडीवर बसून मीही पुसेगावच्या जत्रेला असाच गेलेलो आहे. मजा नाही असं मी कधीच म्हटलं नाही. धरायला काही नाही, एवढंच म्हटलं.

आळीत मात्र त्या दिवसापासून माझी कीर्ती पसरली. “त्यांच्याकडे जाऊ नका, ते कायदा सांगतात.” कपाट, सोफा, गणपतीची आरास, शेणखत, यांना मी अजूनही गाडी देतो, लेंड्यांसकट परत घेतो. माणसांना देत नाही. यातला फरक आळीला कळत नाही. तिच्या मते गाडी मोकळी आहे आणि मालक आखडू आहे. गंमत म्हणजे कायद्यातलं सोयीचं तेवढं सगळ्यांना पाठ असतं. साध्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवता येते, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१७ला लागला आणि २०२४च्या नोव्हेंबरात घटनापीठाने कायम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शेजारचे काका पेपर घेऊन आले, “आता ड्रायव्हर शोधायला नको तुम्हाला, मी चालवीन!” २००२चा आणि २००७चा निकाल घेऊन कुणी सकाळी सातला आलेलं मला आठवत नाही.

११ ऑगस्ट २०२५. श्रावणी सोमवार. खेड तालुक्यात पाईटजवळ कुंडेश्वराच्या दर्शनाला बायकांना घेऊन निघालेली पिकअप घाटात मागे घसरत खाली कोसळली. एकाच गावच्या बायका होत्या त्या. आकडा मी मुद्दाम लिहीत नाही. बँकेत दिवसभर आकडेच लिहितो. संध्याकाळी घरी बातम्या लावल्या नाहीत.

मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर फोन वाजला. तीन वर्षांनी त्या नावाची अक्षरं पडद्यावर दिसली. मी उचलला. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. नुसता दम लागल्यासारखा श्वास.

“पेपर वाचला?” मामा म्हणाले.

“वाचला.”

पुन्हा गप्प. मागे मामीचा आवाज येत होता, भांड्यांचा येत होता.

“गोठ्याचं पत्रं उडाल्यात,” मामा म्हणाले. “नवं पत्रं आणायचंत साताऱ्यातनं. बारा हाईत. मी येतो सक्काळच्या यष्टीनं.” मग जरा थांबून, घसा खाकरून, “गाडी मोकळीच हाय न्हवं?”

“आहे, मामा,” मी म्हणालो. “पुढं केबिनमध्ये बसायचं.”

“बसतो की रं. मालक हाय न्हवं मी पत्र्याचा.”